बांधीत उतरलेलं हेलिकॉप्टर

हलका धान पिवळा पडायला लागला की आमच्या घरातल्या आम्ही दोघी जणी आभाळाकडे बघायला लागतो. शेजारपाजारच्यांना वाटतं, अवकाळीची धास्ती घेतली आहे. ती आहेच. धान कापून पडलेला असताना आभाळ भरून आलं की इकडे कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. पण आमच्या बघण्याला आणखी एक कारण आहे. नवेगाव बांधच्या तलावाकडून एक आवाज येतो का, त्याचा आम्ही कानोसा घेत असतो. कानानं ऐकायचं असलं तरी माणूस मान वर करतोच.

आज सकाळी तो आवाज आला. शाळेला दिवाळीची सुट्टी, म्हणून मी बरडावरच्या बांधीत, बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, कडपा उलटवत होते. आधी वाटलं, छातीतच धडधडतंय. मग जंगलाच्या कडेनं ते दिसलं. मळकट हिरव्या रंगाचं, पोट थोडं फुगलेलं, दोन इंजिनांचं लष्करी हेलिकॉप्टर. त्यातलं हलक्या जातीचं. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, माझी थोरली जाऊ बसली होती, कौतिकाबाई. तिला मी नुसतं बाई म्हणते. तिनं कपाळावर हात धरून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. ती या बांधीत उतरत नाही. बाकी सगळ्या शेतात ती माझ्या दुप्पट काम करते, पण ही एक बांधी आली की धुऱ्यावर बसून राहते. काऊन, ते आमच्या टोल्यात, एवढ्याशा वाडीत, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्हाला नसणार, म्हणून सांगायला बसले.

आमच्याकडे धान दोन जातींचा. एक हलका, एक भारी. भारी धान खोलगट बांध्यांमध्ये, पाण्यात पाय सोडून निवांत उभा असतो आणि सवडीनं पिकतो. हलका धान वरच्या बरड जमिनीत लावायचा. तिथं पाणी टिकत नाही, म्हणून तो घाईनं वाढतो, घाईनं पिकतो, आणि जुना तांदूळ डब्याच्या बुडाला गेलेला असतो तेव्हा नेमका घरात येतो. हलका म्हटलं म्हणून त्याला कोणी हिणवत नाही. सणाला नवा भात त्याचाच होतो. पाणी बेतानं घालावं लागतं, नाहीतर चिकट गोळा होतो. बाईचा अंदाज कधी चुकत नाही, माझा दरवर्षी चुकतो, आणि मामाजी, म्हणजे आमचे सासरे, दरवर्षी तो गोळा मुकाट्यानं खायचे. पुढे मला कोणीतरी सांगितलं की हेलिकॉप्टरांतही हलकी आणि भारी अशी जात असते, तेव्हा मला या बांधीचीच आठवण झाली. भारी यंत्रं अख्खी पलटण उचलतात म्हणे. हलकं मोजकीच माणसं उचलतं, पण जिथं भारी उतरू शकत नाही तिथं ते उतरतं.

कापलेला धान लगेच बांधत नाहीत. मूठ मूठ करून बांधीतच आडवा पसरून ठेवतात, त्या पसरलेल्या मुठींना आम्ही कडपा म्हणतो. दोन-चार दिवस ऊन खाऊन तणस कडक झाली की भारे बांधायचे आणि त्यांचं पुंजणं, म्हणजे गंजी, रचायचं. या दिवसांत शेताला एक वास असतो. उन्हात तापलेल्या तणसाचा, खालच्या ओल्या मातीचा, आणि मधूनच धुऱ्यावरच्या तुळशीचा. हा वास आला की मला बाराही महिन्यांतले हेच दिवस आठवतात, आणि या दिवसांतलंही एकच वर्ष.

त्या वर्षापर्यंत हेलिकॉप्टर म्हटलं की इकडची माणसं जरा गप्प व्हायची. आमचा भाग जंगलाला लागून. जंगलात नक्षल्यांचा शोध घ्यायला जवान जायचे, तेव्हा वरून ते घिरट्या घालायचं. माझी शाळा सडक अर्जुनीला, वर्गात जंगलपट्टीच्या टोल्यांवरून येणारीही लेकरं होती. आवाज आला की सडक अर्जुनीची पोरं खिडकीकडे धावायची आणि ही लेकरं पुस्तकात मान घालायची. आमच्याकडे कापणीला सगुणा यायची, अजूनही येते. गोंड घरातली, माझ्याच वयाची, विळा असा चालवते की बघत राहावं. आवाज आला की ती काम टाकून मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायची. मी एकदा तिची थट्टा केली, की सरकारचं यंत्र काय तुझा धान नेणार आहे? ती हसली नाही. म्हणाली, "तो धान पाहाले नाई येत, मास्तरीन. मानसं पाहाले येते." मी भूगोल शिकवते, नकाशे वरूनच काढलेले असतात. पण वरून बघितलं जाणं म्हणजे काय असतं, याचा विचार मी तोवर केला नव्हता.

आणि आमचं घर. ते दोघींवर चालतं, हे आधी सांगायला हवं होतं. बाईचे यजमान, माझे भासरे, मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गेलेले. माझे हे ट्रकवर, नागपूर-रायपूर रस्त्यावर यांचं अर्धं आयुष्य गेलं. घरात आम्ही दोघी आणि मामाजी. मी बसनं शाळेत जायची आणि माझ्या लेकीला बाई सांभाळायची. लेक पहिल्यांदा आई म्हणाली तेही बाईलाच. मला राग यायला हवा होता, पण मी इतकी दमलेली असायची की हसूच आलं. आमचं भांडण व्हायचं, नाही असं नाही. ती फटकळ, मी तोंडाळ. पण चूल एक, आणि सकाळचा चहा दोघींचा एकाच वेळी. मला कोणी विचारलं असतं की तुझं कशावाचून अडेल, तर मी खुशाल नवऱ्याचं नाव घेतलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं.

त्या वर्षी हलका धान कापून झाला आणि अवकाळी आला. दोन दिवस धो धो. नाल्यावर पुलाचं काम चालू होतं, बाजूनं तात्पुरता रपटा, म्हणजे मातीचा वळणरस्ता, केला होता, तो वाहून गेला आणि आमचा टोला पलीकडच्या जगापासून तुटला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. कडपा भिजल्या होत्या, लगेच उलटवल्या नाहीत तर धान जागच्या जागी उगवतो. मी म्हटलं, दुपारी दोघी जाऊ. बाई ऐकते होय? सकाळीच एकटी गेली. बरडावरच्या या बांधीत तिनं कडपेखाली हात घातला आणि परडीनं धरलं. परड म्हणजे घोणस. ती ओल्या जागेतून उठून कडपेखाली कोरड्याला येऊन बसते. तिला तरी कुठे जागा होती.

नाल्याच्या आमच्याच बाजूला सरकारी दवाखाना आहे, हे नशीब. तिथल्या डॉक्टरनं होती तेवढी इंजेक्शनं दिली. रात्र निघाली. सकाळी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, हात कोपराच्या वर सुजला आणि लघवी बंद झाली. डॉक्टर पोरगाच होता, पण त्यानं लपवलं नाही. म्हणाला, मॅडम, विष किडनीवर गेलं आहे, मशीन असलेल्या मोठ्या दवाखान्यात आजच्या आज नेलं नाही तर हातात काही राहणार नाही. मी त्याला विचारलं, कसं नेऊ? मग त्यानं तहसीलला फोन लावला. निवडणुकीचे दिवस होते, त्या बंदोबस्तासाठी गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर लष्कराचं एक हेलिकॉप्टर आणून ठेवलं होतं. तहसीलमधून उलट फोन आला की येतं, मोकळी जागा करून ठेवा.

आता मोकळी जागा म्हणजे टोल्यातल्या शाळेपुढचं पटांगण. आणि नेमकी त्या दिवशी आमच्या टोल्याची मंडई. इकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, दिवसभर जिलेबी आणि बांगड्यांची दुकानं, आणि मग नाटक. रपटा वाहून गेल्यामुळे नाटकाची मंडळी पलीकडेच अडकली होती, पण पाहुणे आदल्याच आठवड्यात येऊन बसलेले, आणि मंडप तर उभा होता. तो मंडप मामाजींच्या देखरेखीखाली उभा राहायचा. तरुणपणी त्यांनी दंडारीत नाचून कंबर मोडून घेतली होती. मंडपाच्या खांबाला कोणी टेकलेलं त्यांना खपायचं नाही. त्या सकाळी त्यांनी स्वतः पहिली दोरी कापली. बघता बघता मंडप उतरला. बांबू, कापड, पत्रे, सगळं कडेला रचून ठेवलं. बायांनी काडीकचरा उडू नये म्हणून पटांगण झाडून काढलं. एवढं सगळं शहाण्यासारखं झालं.

फक्त तोरण ठेवलं. पटांगणाच्या तोंडाशी दोन उंच बांबूंवर आंब्याच्या पानांचं तोरण आणि तिथून आरपार पताकांच्या माळा. एक जण त्या सोडायला चढला तर मामाजींनी त्याला खाली उतरवलं. ते म्हणाले, "सून न्यायले पावना येऊन राहिला गा. त्याले बिनातोरनाचं कसं उतरवाचं?" कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, हे नमूद करते. ज्या दारात आपलं माणूस वाचवायला कोणी येतो, ते दार बोडकं कसं ठेवायचं? आमच्या अख्ख्या टोल्यात असं कोणी नव्हतं ज्याला त्या यंत्राखालच्या वाऱ्याची कल्पना असेल. आम्हाला वारा ठाऊक तो धान उफणायचा. सुपातून धान सोडला की कोंडा हातभर पुढे जाऊन पडतो, तेवढा.

ते आलं आणि पटांगणावर खाली यायला लागलं, आणि जे झालं ते आजही डोळ्यांपुढे आहे. आधी पताका ताठ झाल्या, मग सगळी माळ बांबूसकट वर उठली. कडेला रचलेलं मंडपाचं कापड फुगलं, सुटलं आणि पटांगणभर धावत सुटलं. पत्रे घसटत आले. बाया लेकरांना छातीशी धरून शाळेच्या भिंतीआड गेल्या. हेलिकॉप्टर तिथल्या तिथे थबकलं, तोरणाची दोरी त्याच्या पात्यांकडे झेपावली, आणि ते सरळ वर निघून गेलं. पटांगणावर आता बांबू, कापड, पत्रे, सगळा राडा. मी शाळेच्या ओसरीत आणलेल्या बाईच्या खाटेवर बसले होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि हिरड्यांचं रक्त माझ्या पदराला लागत होतं. आवाज लांब जायला लागला. मला वाटलं, गेलं. मी आयुष्यात तेवढी कधी भ्याले नाही.

पण ते गेलं नव्हतं. ते घिरटी मारून बरडाकडे गेलं आणि तिथं आभाळात उभं राहिलं. खरोखर उभं राहिलं, खुंटीला टांगल्यासारखं. विमानाला हे जमत नाही, पाखरांतही सगळ्यांना जमत नाही. त्याच्या उघड्या दारात एक माणूस वाकून खाली बघत होता. त्यानं बोटानं खालची बांधी दाखवली, आणि मग हातानं झाडल्यासारखं केलं. पुन्हा दाखवली, पुन्हा झाडलं. भाषेची गरजच पडली नाही. खालच्या सगळ्या बांध्यांत भारी धान उभा नाहीतर गुडघाभर चिखल. पाणी निथळून गेलेली, कापलेली, घट्ट जमिनीची बांधी आसपास ती एकच. तिच्यात कडपा पडलेल्या होत्या, कारण परड निघाल्यापासून तिच्यात कोणी पाऊल टाकलं नव्हतं. त्या कडपा काढा, म्हणजे आम्ही उतरतो, असं तो सांगत होता.

हेलिकॉप्टर थोडं बाजूला सरकलं आणि वाट बघत फिरत राहिलं. मामाजी सगळ्यांच्या पुढे निघाले. कंबर वाकलेली, तरी पुढे. बांधीच्या कडेला पोचले आणि म्हणाले, "तोरन म्या ठेवलं. उचला गा." आणि खाली वाकून त्यांनी पहिल्या कडपेखाली हात घातला.

मग सगळा टोला बांधीत उतरला. मी खाटेसोबत धुऱ्यापर्यंत आले होते, मी बघितलं. मंडईच्या दिवशी आमच्याकडे कोणी विळ्याला हात लावत नाही, आणि जावयाला तर पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. ते जावई नव्या शर्टात वाकले होते. काचेच्या बांगड्या भरून बसलेल्या लेकी वाकल्या होत्या. ज्या घराशी आमचं धुऱ्यावरून बोलणं बंद होतं, त्या घरची तिन्ही माणसं होती. सगुणा होती. डोक्यावर ते यंत्र फिरत होतं आणि ती मोहाच्या झाडाकडे न जाता कवटाळून कवटाळून कडपा उचलत होती. मी पुढे कधीतरी तिला विचारलं, त्या दिवशी काऊन लपली नाहीस? म्हणाली, हात भरले होते, लपू कशी. एवढंच. तिला ते यंत्र आजही आवडत नाही आणि तिनं आवडून घ्यावं असं मी म्हणणार नाही. जे आमच्या घरी माणूस वाचवायला आलं, तेच दुसऱ्या दिवशी बंदूक घेऊन तिच्या टोल्यावरून जाऊ शकतं, हे मलाही कळतं. यंत्राला काय, त्याच्यात जे बसवाल ते त्याचं काम.

बांधी मोकळी झाली, ते उतरलं. वाऱ्यानं गळालेला धान असा उडाला की तोंडावर खडे मारल्यासारखा लागत होता. खाट आत गेली नाही, त्यांनी स्ट्रेचर आणलं. सोबत एकाला चला म्हणाले. मामाजींनी माझ्याकडे बघितलं आणि मी चढले. चप्पल बांधीतच राहिली.

लोक मला अजून विचारतात, वरून आपला टोला कसा दिसतो, तलाव कसा दिसतो. भूगोलाची मास्तरीण, वरून बघायची संधी एकदाच मिळाली, आणि मी सारा वेळ बाईच्या नखांकडे बघत होते. दारात उभा होता तोच माणूस आमच्यापाशी बसला होता. त्यानं माझ्या कानावर ऐकण्या-बोलण्याचं यंत्र चढवलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, हे मध्येच बंद पडलं तर? गोंदियाची माणसं आम्ही, हिंदी काही परकी नाही. तो सांगायला लागला की याला दोन इंजिनं आहेत, आणि ती एकमेकांवर अवलंबून नाहीत. एक बंद पडलं तरी दुसरं एकटं घरी नेऊन पोचवतं. आमच्या खाचराची, म्हणजे बैलगाडीची, एक जोडी अशीच होती, एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्यानं रिकामं खाचर एकट्यानं ओढत आणलं होतं. मग तो म्हणाला, पण एक अट आहे. भरल्या वजनानं एका इंजिनावर हवेत थांबून राहता येत नाही. थांबायला सगळ्यात जास्त ताकद लागते, पुढे जात राहायला कमी लागते. मला हे उलटं वाटलं, मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "बहनजी, एक इंजिन पर रुकना नहीं है। बस चलते रहना है।"

मला बरं वाटावं म्हणून त्यानं आणखीही बरंच सांगितलं. की हे बर्फाच्या डोंगरांवरही चढतं, तिथं हवा विरळ असते आणि पात्यांना धरायला काही नसतं. की अंधारात दिसणारे चष्मे लावून रात्रीही उडवता येतं. की यात बाकडी काढून स्ट्रेचर लावता येतात, आणि स्ट्रेचर काढून हत्यारंही. की तोरणाची दोरी पात्यांना लागली असती तर आपण सगळेच गेलो असतो. हे शेवटचं त्यानं रागानं सांगितलं नाही. विचारलं, वो झालर किसलिए थी? मी म्हटलं, तुमच्यासाठी. तो वाकून बाईच्या स्ट्रेचरचे पट्टे पुन्हा तपासायला लागला.

नागपूरला बाईला मशीनवर घेतलं. हे तिसऱ्या दिवशी रायपूरकडून ट्रक सोडून आले आणि तिच्यापाशी थांबले. मी घरी परतले, कारण मामाजी, गुरं, लेक, शाळा आणि भारी धानाची कापणी, सगळं तिथंच होतं. तेव्हा मला त्या माणसाचं बोलणं समजलं. मी चालत राहिले. सकाळी शेण, मग डबे, मग बस, मग शाळा, मग शेत. चालत होते तोवर काही झालं नाही. एका संध्याकाळी चहा ठेवला, सवयीनं दोन कपांत गाळला, आणि समोरच्या पाटावर कोणी नाही हे दिसल्यावर मी थांबले. थांबले तशी कोसळले. मामाजी बाहेरून आले आणि दुसरा कप घेऊन माझ्यासमोर बसले. बाईशिवाय मला जगता येणार नाही, हे मी त्या दिवशी त्यांना मोठ्यानं सांगितलं. ते म्हणाले, मलेही.

ती वाचली. सुजलेल्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत, पाणी मोजून प्यावं लागतं, पण वाचली. पोळ्या अजूनही माझ्यापेक्षा पातळ लाटते.

आमच्या मागे बांधीवर काय झालं ते मला सगुणेनं सांगितलं. हेलिकॉप्टर दिसेनासं झालं, वारा बसला, आणि धुऱ्यावर कडपांचा हा ढीग. तो पसरायला हवा, ओला आहे. पण कोणी पुढे होईना. एक जावई आपले हात उलटसुलट करून बघायला लागला. मग एकेकाच्या ध्यानात आलं की आपण कोणत्या बांधीत हात घातले होते. ज्या कडपांखाली परड होती, आणि ती मेलेली कोणीच पाहिली नव्हती, त्यांच्याच खाली उघडे हात घालून सगळ्यांनी बांधी मोकळी केली होती. भीती मागून आली. थोड्या वेळापूर्वी कवटाळून आणलेला धान आता कोणी बोटानं शिवेना. शेवटी मामाजींनी काठीनं ढीग उसवला.

पुढच्या पावसाळ्यानंतर एक गंमत झाली. त्या वाऱ्यानं उडालेला आमचा हलका धान साऱ्यांच्या बांध्यांत जाऊन पडला होता. आजूबाजूचा भारी धान हिरवागार असताना त्याच्यात ठिकठिकाणी पिवळे ठिपके दिसायला लागले. लोक म्हणायचे, कौतिकाचा धान पिकला. ज्या घराशी आमचं बोलणं बंद होतं, त्यांनी तो वेगळा कापून आमच्या ओट्यावर आणून ठेवला. बोलणं तेव्हापासून सुरू झालं आणि पुन्हा त्याच धुऱ्यावरून भांडणही, पण ते जाऊ द्या.

मामाजी मागच्या वर्षी गेले. मंडईचा मंडप आता पोरं उभा करतात, त्याच्या खांबांना वाट्टेल तो टेकतो. भारी धानाच्या बांध्यांत हार्वेस्टर येतं. बरडावरची ही बांधी चढावर आणि लहान, इथं ते चढत नाही, म्हणून इथं अजून हातानंच. आणि इथं दरवर्षी मी एकटी काठी घेऊन उतरते. प्रत्येक कडपेला आधी काठीनं ठोकते, हलवते, मागे होते, मग काठीनंच उलटते. एका बांधीला अर्धा दिवस जातो. बाई धुऱ्यावर बसून बघते. मी तिला कधी ये म्हटलं नाही. काही गोष्टी माणसाला मागायच्या नसतात.

आज हेलिकॉप्टर तलावापलीकडे गेलं, आवाज विरला, आणि त्याच्या मागोमाग तिकडूनच ढग दिसले. काळे, जड, आमच्याच दिशेनं. वारा फिरला. कालच्या शिंतोड्यांनी कडपा खालून अजून ओल्या होत्या, भारे बांधायचे तर आधी उलटवून वारा द्यायला हवा, आणि अजून अर्धी बांधी बाकी होती. मी काठी जोरात चालवायला लागले. ठोकायचं, हलवायचं, मागे व्हायचं. जमणार नाही हे मला दिसत होतं.

मागे बांगड्या वाजल्या. वळून बघते तर बाई पदर खोचून बांधीत उतरली होती. अनवाणी. ती सरळ मधल्या ओळीत गेली, जिथं तेव्हा तिला धरलं होतं तिथंच, आणि तो न मिटणारा हात तिनं कडपेखाली घातला. मी ओरडले, की बाई, काठी घे, ठोकून घे आधी. तिनं ती कडप उलटवली, दुसरीखाली हात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्यासाठी साऱ्या गावानं इथं हात घातले. मीच एकटी कायले भेवून राहू?"

मी काठी धुऱ्याकडे टाकली आणि तिच्या बाजूची ओळ धरली. खालची माती गार होती, आणि तिथं धानाशिवाय काही नव्हतं.